‘वायरलेस संच – १ नग’ : सुरक्षा-साहित्याची यादी करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लहान होड्यांच्या सुरक्षा-साहित्याची यादी ठरवणाऱ्या आणि ती तपासणाऱ्या सर्व समित्यांस,

विषय : यादीतील ‘वायरलेस संच – १ नग’ आणि ‘बीकन – १ नग’ या दोन ओळींबाबत

महोदय,

लाइफजॅकेट नगावर मोजता येतात. दोर मीटरवर मोजता येतो. रेडिओचं तसं नाही. पेटीतून काढलेला कोरा सेट, त्यामागे गंजलेली अँटेना आणि दिव्याच्या लायनीतून घेतलेली बारीक वायर, असं सगळं असलं तरी तुमच्या यादीत तो ‘१ नग’च भरतो. तपासायला आलेला माणूस बटण दाबतो, पडद्यावर १६ आकडा (संकटाच्या हाकेचं चॅनेल) दिसतो, खरखर ऐकू येते आणि खूण होते. वास्तविक ऐकू येणं आणि ऐकू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडक्या अँटेनावरही धक्क्याजवळचं बोलणं छान ऐकू येतं.

रेडिओ बसवणारे आणि दुरुस्त करणारे म्हणून आमची मागणी एकच आहे. या दोन ओळींत नगाऐवजी तपासून पाहता येतील अशा अटी लिहा. कोणत्या आणि का, ते पुढे सांगतो.

आधी व्हीएचएफ (होडीवरचा बोलण्याचा रेडिओ, यादीतला ‘वायरलेस संच’) आणि बीकन (संकटाची हाक पाठवणारं छोटं यंत्र) यांतला फरक यादीत स्पष्ट हवा, कारण एक घेतलं की दुसरं लागत नाही असं अनेकांना वाटतं. व्हीएचएफ आसपासच्या सगळ्यांना एकदम ऐकू जातो. पंधरा मिनिटांत पोहोचू शकेल अशी शेजारची होडी त्यावरच सापडते. बीकन उपग्रहामार्फत थेट बचाव केंद्राला कळवतं, पण दोन मैलांवरच्या होडीला त्या हाकेतून काही कळत नाही, आणि बीकनशी बोलता तर येतच नाही. मोबाइल या दोहोंची जागा घेत नाही. टॉवरच्या अँटेना जमिनीवरच्या वस्तीकडे रोखलेल्या असतात, फोन एकाच माणसाला लागतो, आणि ओल्या बोटांनी पडदा चालत नाही.

आता व्हीएचएफ. हातातला सेट ५ किंवा ६ वॅटचा, बसवलेला २५ वॅटचा, म्हणून लोक वॅट बघून निवड करतात. पण या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात, त्यामुळे पल्ला आधी उंचीवर ठरतो. हिशेब सोपा आहे : अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.२५ ने गुणा. सागरी मैल मिळतात. दोन्ही बाजूंचे आकडे काढून बेरीज करायची. होडीत बसलेल्या माणसाच्या हातातला सेट पाण्यापासून १ मीटरवर धरला तर त्याचा वाटा सव्वादोन मैल. समोरच्या होडीची अँटेना ४ मीटरवर असेल तर तिचा वाटा साडेचार. एकूण पावणेसात मैल. आपलीही अँटेना ४ मीटरवर नेली की तोच आकडा ९ होतो. किनाऱ्यावरच्या केंद्राची अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर तिचा एकटीचा वाटा साडेबावीस मैल, आणि आपल्या ४ मीटरसह २७. म्हणजे केंद्र लांबून ऐकेल, पण जवळची होडी ऐकेलच असं नाही. वॅट लागतात ते या पल्ल्याच्या कडेला आणि मधल्या गळतीवर मात करायला. हातातल्या सेटची आखूड अँटेना तिथेच कमी पडते.

म्हणून पहिली अट : ज्या होडीवर बॅटरी आहे तिच्यावर २५ वॅटचा बसवलेला सेट, आणि त्याच्या जोडीला हातातला. ‘किंवा’ नको. होडीत पाणी भरलं की तळाशी ठेवलेली बॅटरी सर्वांत आधी बुडते आणि बसवलेला सेट गप्प होतो. त्यानंतर कामाला येतो तो हातातला.

अँटेना निवडताना मोठा डीबी (डेसिबल, शक्तीतला चढ-उतार मोजायचं माप) म्हणजे चांगली अँटेना, असं समजून ६ डीबीची अडीचएक मीटर लांब काठी लहान होडीवर उभी केली जाते. जास्त डीबीची अँटेना शक्ती वाढवत नाही, ती शक्ती चपटी करून क्षितिजाकडे फेकते. होडी डोलायला लागली की हा चपटा पट्टा एकदा आभाळात आणि एकदा पाण्यात जातो, आणि ऐकणाऱ्याला शब्द तुटक येतात. फार डोलणाऱ्या हलक्या होडीला मीटरभर लांबीची ३ डीबीची अँटेना बरी, आणि ती जमेल तितकी उंच.

केबलबद्दल यादीत एक अक्षर नसतं, आणि निम्मं दुखणं तिथेच असतं. बारीक आरजी-५८ केबल या वारंवारतेवर मीटरमागे साधारण ०.२ डीबी खाते. १० मीटर केबल असेल तर २५ वॅटपैकी सुमारे १६ वॅटच अँटेनापर्यंत पोहोचतात, १५ मीटर असेल तर निम्मेच. जाड आरजी-२१३ त्याच १० मीटरला १ डीबीहून कमी खाते. डोलकाठीच्या टोकापर्यंत केबल न्यायची असेल तर जाडच घ्यावी. तीन-चार मीटरचं काम असेल तर बारीक चालते.

मग जोड. पीएल-२५९ जातीचा जोड मुळात जलरोधक नाही. पाणी त्याच्या मागच्या बाजूने शिरतं आणि केबलच्या जाळीतून वातीतून तेल चढावं तसं चढत जातं. वरचं आवरण कापलं की आत तांब्याऐवजी काळी-हिरवी भुकटी दिसते. अशी केबल जोडापाशी दोन बोटं कापून भागत नाही. लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे जावं लागतं, कधी कधी तर सगळीच बदलावी लागते. जोड नवा असतानाच त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप लावावी. ती ताणून दुप्पट करायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा आणि गुंडाळत खालून वर जायचं. असं केलं की वरचा वेढा खालच्यावर येतो आणि कौलांसारखं पाणी बाहेर पडतं. वरून खाली गुंडाळली तर तीच टेप पाणी आत गोळा करते. केबल छतातून आत शिरते त्याच्या आधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळतील.

एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा) लावून बघण्याची अट घाला. आकडा १.५ च्या आत असेल तर उत्तम. २ ला सुमारे ११ टक्के शक्ती परत येते, ३ ला २५ टक्के. पण इथे एक फसगत आहे. केबल खराब आणि गळकी असेल तर परतणारी लहरही वाटेतच विरते आणि सेटजवळचा मीटर सुंदर आकडा दाखवतो. म्हणून जुन्या केबलवर मीटर एकदा अँटेनाच्या टोकाला लावून पाहावा, निदान आठ मैलांवरच्या कुणाला तरी १ वॅटवर हाक देऊन पाहावी. १ वॅटवर स्पष्ट ऐकू गेलं तर २५ ची काळजी नको.

वीजपुरवठ्याचा दोष ओळखायला सोपा असतो. ऐकताना सेट अर्ध्या अँपिअरच्या आत घेतो, बोलताना २५ वॅटवर ५ ते ६ अँपिअर. म्हणून सेट दिवसभर ठणठणीत वाटतो आणि मदत मागायला बटण दाबलं की पडदा विझतो. बॅटरीपासून सेट ५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ६ अँपिअरला १ व्होल्ट पडतो. २.५ ची घेतली तर ०.४, आणि ४ ची घेतली तर पाव व्होल्ट. त्यात दिव्यांच्या लायनीतून जोड काढलेला असला, फ्यूजची चिमटी गंजलेली असली की गेलंच. वायर थेट बॅटरीपासून घ्यावी आणि सेटच्या पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज बॅटरीजवळ लावावा. तपासणी अशी : इंजिन बंद, सेट २५ वॅटवर, आणि बोलायचं बटण दाबलेलं असताना सेटच्या मागच्या तारांवर मीटर. ११ व्होल्टच्या खाली गेला तर वायर, जोड आणि बॅटरी या क्रमाने शोधावं. ही चाचणी मोकळ्या चॅनेलवर घ्यावी, १६ वर नव्हे.

बसवण्याच्या जागेबद्दल दोनच गोष्टी. सेटच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, होकायंत्राला चिकटून सेट बसवला की दिशा चुकते. किती अंतर सोडायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. दुसरं, स्वस्त एलईडी दिवे. त्यांच्या आतलं वीज बदलणारं सर्किट व्हीएचएफच्या पट्ट्यात गोंगाट करतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासायला मिनिटही लागत नाही. शांत चॅनेल लावा, स्क्वेल्चची कळ खरखर नुकती बंद होईल इतकीच फिरवा आणि एकेक दिवा लावत जा. दिवा लागताच खरखर परत आली तर तो दिवा बदला. डोलकाठीच्या टोकावर अँटेनाला खेटून बसवलेला दिवा यात पहिला संशयित.

डीएससी, म्हणजे लाल बटणाची सोय, हा या पत्रातला आमचा सर्वांत मोठा आग्रह आहे. लाल बटणाचं झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की सेट ७० नंबरच्या चॅनेलवर होडीची ओळख आणि ठिकाण आकड्यांत पाठवतो, आणि केंद्राने पोच देईपर्यंत साधारण चार-चार मिनिटांनी पाठवत राहतो. बोलणारा घाबरलेला असो वा त्याची भाषा ऐकणाऱ्याला येत नसो, संदेश पोहोचतो. पण त्यासाठी सेटमध्ये नऊ अंकी एमएमएसआय (होडीचा रेडिओवरचा ओळख-क्रमांक) भरलेला हवा आणि जीपीएस जोडलेला हवा. नंबर नसेल तर बटण कामच करत नाही. जीपीएस नसेल तर ‘कुणीतरी संकटात आहे’ एवढंच कळतं, कुठे ते नाही. सेट दुकानातून येतो तेव्हा बहुधा दोन्ही नसतात. बहुतेक सेटांत नंबर मोजक्या वेळाच भरता येतो, नंतर कुलूप पडतं आणि सेट विक्रेत्याकडे न्यावा लागतो. म्हणून तो कागदावर लिहून, दोघांनी वाचून, मगच भरावा. जीपीएस आतच असलेला सेट घेतला तर जोडणीची कटकट वाचते, मात्र तो लोखंडी छताखाली बसवला तर आकाश दिसत नाही. बाहेरचा जीपीएस जोडायचा असेल तर दोन यंत्रांच्या वायरींचे रंग सारखे असतील असं धरून चालू नये. एकाची ‘बाहेर’ ती दुसऱ्याची ‘आत’, आणि दोन्हीकडे माहिती पाठवण्याचा वेग ४८०० वर ठेवलेला आहे ना ते पाहावं.

तपासणाऱ्याने पडद्यावर अक्षांश-रेखांश आहेत का, वेळ पुढे सरकते का, एवढं पाहावं आणि मग दुसऱ्या होडीला डीएससीची चाचणी-हाक पाठवायला सांगावं. लाल बटण चाचणीसाठी कधीही दाबू नये. चुकून दाबलं गेलंच तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते रद्द करून १६ वर सर्वांना तसं सांगावं. सेट बंद करून गप्प बसणं सगळ्यात वाईट.

नवा सेट घेताना डी वर्गाचा घ्यावा. त्यात ७० नंबर ऐकायला वेगळा रिसीव्हर असतो, म्हणून १६ वरचं बोलणं ऐकत असतानाही ७० वरची हाक चुकत नाही.

हातातल्या सेटबद्दल थोडक्यात. पाण्यावर तरंगणारा, आयपीएक्स-७ किंवा त्यावरचा. आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तेही गोड्या पाण्यात, नव्या रबरी कडीसह. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवावा, नाहीतर चार्जिंगचे ठिपके हिरवे पडतात आणि रात्रभर चार्जिंगला लावलेला सेट सकाळी रिकामाच निघतो. साध्या सेलची जादा पेटी मिळत असेल तर ती घेऊन सेलसकट डब्यात बंद ठेवावी. आणि दोरी. तरंगणारा सेटही वाऱ्याने माणसाच्या हातापेक्षा लांब जातो.

आता बीकन. घेताना पहिली गोष्ट पाहायची ती ४०६ मेगाहर्ट्झ. फक्त १२१.५ वर चालणारी जुनी यंत्रं १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ऐकत नाहीत. तरीही जुन्या पेट्यांतून ती निघतात आणि यादीत ‘१ नग’ म्हणून भरली जातात. आजच्या बीकनमध्येही १२१.५ असतं, पण ते जवळ आलेल्या विमानाला किंवा बोटीला माग काढता यावा म्हणून. ४०६ वर साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा, ५ वॅटचा ठोका जातो. त्यात बीकनची ओळख असते आणि जीपीएस असेल तर ठिकाणही. जीपीएस नसलं तरी लहरींच्या फरकावरून उपग्रह जागा काढतात, पण ती काही किलोमीटरच्या वर्तुळात. शोधणाऱ्याला एवढा फरक पुष्कळ होतो, म्हणून जीपीएसवालंच घ्यावं.

होडीचं बीकन, ईपर्ब, निदान ४८ तास चालतं आणि स्वतःच उभं तरंगतं. अंगावरचं छोटं बीकन, पीएलबी, निदान २४ तास चालतं. त्याची अँटेना माणसाने वर आणि पाण्याबाहेर धरावी लागते, आणि त्याच्या माथ्यावरचा जीपीएसचा चौकोन तळव्याने झाकला जाणार नाही हे पाहावं लागतं. थंड पाण्यात बोटं बधिर झाल्यावर हे जमेल का, असा विचार करून ते जॅकेटला आधीच कुठे बांधायचं ते ठरवावं.

मोठ्या जहाजांची यादी जशीच्या तशी उतरवल्यामुळे होणारी चूक इथे सांगितलीच पाहिजे. आपोआप सुटणाऱ्या ईपर्बची कडी पाण्याच्या दाबाने, १.५ ते ४ मीटर खोलीवर, सुटते. उघडी लहान होडी बहुतेकदा बुडत नाही, ती उलटते आणि पालथी तरंगत राहते. दाब येतच नाही, कडी सुटत नाही, आणि सुटली तरी बीकन होडीच्या पोटाखाली अडकतं. अशा होडीला हाताने काढायचं बीकन सुकाण्याजवळ, बसल्या जागी हात पोहोचेल असं हवं, आणि त्याशिवाय निदान एकाच्या अंगावर पीएलबी. आपोआप सुटणारी कडी बंद केबिनच्या, बुडू शकणाऱ्या होडीला शोभते. तिथेही ती छतावर, दोर-जाळ्यांच्या वाटेत नसलेल्या जागी हवी, आणि दाबाचं यंत्र दर दोन वर्षांनी बदलायला हवं.

खोट्या हाकांचं एक नेहमीचं कारण असं. ईपर्ब पाणी लागताच सुरू होतं, पण कंसात (बीकन अडकवायच्या पकडीत) बसलेलं असताना कंसातला चुंबक त्याला रोखून धरतो. कुणीतरी जागा वाचवायला ते कंसातून काढून थैलीत टाकतं, थैली भिजते आणि बचाव केंद्राचा फोन खणखणतो. थैलीत ठेवायचंच असेल तर पाण्याने सुरू न होणारं बीकन घ्यावं. असं काही झालंच तर बंद करून लगेच केंद्राला कळवावं. खऱ्या संकटात मात्र एकदा सुरू केलेलं बीकन बॅटरी वाचवण्यासाठी बंद-चालू करू नये. आणि बीकनची दोरी होडीला बांधू नये. ती तराफ्याला किंवा माणसाला बांधण्यासाठी असते. होडीला बांधलेलं बीकन होडीबरोबर खाली जातं.

नोंदणीशिवाय बीकन घेऊन उपयोग फारच कमी. आजच्या बहुतेक बीकनांवर १५ अक्षर-अंकांची ओळख असते. केंद्राला हाक मिळते तेव्हा ती ओळख नोंदीत शोधतात आणि किनाऱ्यावरच्या माणसाला फोन लावतात : होडी खरंच बाहेर आहे का, रंग कोणता, किती जण. नोंद नसेल किंवा फोन जुना असेल तर हे काहीच कळत नाही आणि वेळ जातो. होडी विकली, फोन बदलला, रंग बदलला की नोंद बदलावी. दुसऱ्या देशातून आणलेल्या बीकनमध्ये त्या देशाचा अंक भरलेला असतो, तो आपल्या देशाचा करून घेतल्याशिवाय नोंद नीट होत नाही. म्हणून तपासणीत बीकन पाहण्याआधी नोंदणीचा कागद मागा आणि त्यावरचे १५ अंक बीकनवरच्या अंकांशी ताडून पाहा. कागदावरच्या फोनवर तिथल्या तिथे फोन लावला तर उत्तम.

बीकनची चाचणी महिन्यातून एकदा, पुस्तिकेतल्या पद्धतीने. दर आठवड्याला करणारे बॅटरी खातात. आणि चाचणीत दिवा लागला म्हणजे ४८ तासांची बॅटरी शिल्लक आहे असं नव्हे, त्यासाठी बॅटरीवर छापलेली तारीखच पाहावी. ती यादीत लिहिण्यासाठी रकाना ठेवा. जुनं बीकन टाकताना बॅटरी काढून, नोंद रद्द करून टाकावं. कचऱ्याच्या ढिगातूनही बीकन हाक देत राहतं, आणि बचावाची माणसं ढिगापर्यंत जातात.

एआयएसबद्दल (होड्यांची ओळख-ठिकाण एकमेकींच्या पडद्यावर दाखवणारी रेडिओची सोय) तुमचे प्रश्न येतात म्हणून : माणूस पाण्यात पडला तर जॅकेटवरचं एआयएस बीकन काही मैलांतल्या एआयएस असलेल्या होड्यांनाच दिसतं, उपग्रहाच्या हाकेची जागा ते घेत नाही. आपल्याच होडीवर एआयएस पडदा नसेल तर ते घेण्यात अर्थ नाही. आता ४०६ आणि एआयएस दोन्ही एकत्र असलेली बीकनं मिळतात, नवीन घेणाऱ्याने ती पाहावीत.

सगळं एकदम परवडणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. बॅटरी नसलेल्या उघड्या होडीला आमचा क्रम : आधी डीएससी-जीपीएस असलेला हातातला सेट, मग पीएलबी. किनारा व्हीएचएफच्या पल्ल्यात ठेवणाऱ्या होडीला : बसवलेला सेट नीट अँटेनासह, हातातला सेट, मग बीकन. त्या पल्ल्याबाहेर जाणाऱ्या होडीने ईपर्ब आधी घ्यावं, मासे दाखवणारा पडदा नंतर.

शेवटची अट सर्वांत स्वस्त. सेटशेजारी, मिठाने पुसली जाणार नाही अशा पाटीवर, होडीचं नाव आणि नंबर आधीच भरून हे लिहून लावायला सांगा. ज्याने आयुष्यात सेटला हात लावलेला नाही त्यालाही ते वाचून बोलता आलं पाहिजे :

लाल झाकण उचला. बटण पडद्यावरची मोजणी संपेपर्यंत दाबून धरा.
चॅनेल १६, २५ वॅट. माइकचं बटण दाबा आणि सावकाश बोला :
मेडे, मेडे, मेडे. ही होडी …, …, …. नंबर ….
मेडे. होडी …. आमचं ठिकाण … (पडद्यावरून वाचा).
आम्ही … (बुडतो आहोत / आग लागली आहे / माणूस पाण्यात आहे). ताबडतोब मदत हवी. आम्ही … जण. ओव्हर.
बटण सोडा. ऐका. उत्तर नाही आलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आपले,
लहान होड्यांवर रेडिओ व बीकन बसवणारे आणि दुरुस्त करणारे काही जण